तीन मिनिटांचं स्लायगो

मायकल कोलमन पहिल्यांदा ऐकाल तेव्हा आधी पियानोचा राग येईल. फिडल एका वाटेने चाललंय आणि संगत करणारा भलतंच काहीतरी बडवतोय. चार-पाच वेळा ऐकल्यावर मला पियानो ऐकू येईनासा झाला.

फिडल म्हणजे काही निराळं वाद्य नव्हे, व्हायोलिनच. नाचणाऱ्यांसाठी वाजायला लागलं की त्याला फिडल म्हणतात. कोलमन १८९१ साली आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात जन्मला, १९१४ मध्ये अमेरिकेला गेला. १९२१ पासून न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या आणि बोटीतून परत आयर्लंडला पोचल्या. त्यानंतर घरोघरी स्लायगोच वाजू लागलं, प्रत्येक भागाची आपापली बोली पुसली गेली, असा त्याच्यावर जुना आरोप आहे.

आरोप मला अर्धाच पटतो. त्याची एखादी रील ऐका (इन्स्टाग्रामवरची नव्हे, ही नाचाची जलद धून). धून इवलीशी, दोन भागांची, पुन्हा पुन्हा येणारी. कोलमन ती प्रत्येक फेरीत जरा बदलतो. मघाशी जिथे स्वराला गिरकी दिली तिथे आता सरळ जातो, गजाच्या एका ओढीत चार स्वर बांधले होते तिथे दोनच बांधतो. म्हणजे धून पक्की नसते हेच तो वाजवून दाखवतोय. पण तबकडीत मावतात जेमतेम तीन मिनिटं, आणि ती दरवेळी अगदी तश्शीच वाजतात. ऐकणाऱ्यांनी पाठ केली ती एका दिवसाची तीन मिनिटं. बदलण्याची रीत कुणी पाठ करणार कशी?

डोनेगलचा जॉन डोहर्टी याच्या उलट. पत्र्याची भांडी घडवत, दुरुस्त करत गावोगाव हिंडणारा माणूस. गजाच्या आखूड, तुटक ओढी. कोलमनची लवचीक चाल तिथे नाही, काठावर चालल्यासारखा ताठ वेग आहे. पण तोही तबकड्या ऐकायचाच. स्कॉटलंडच्या जेम्स स्कॉट स्किनरचं वादन त्याने तबकड्यांवरूनच उचललं, आणि तरी ते डोनेगलचंच वाटतं.

मी व्हायोलिन शिकते. कोलमनची एक धून ०.५ वेगाने ऐकून स्वर न् स्वर वहीत उतरवली, महिनाभर घोटली. परवा वाजवली तेव्हा एकही स्वर चुकला नाही. दुसरी फेरी कशी वाजवायची ते मात्र वहीत नव्हतं, म्हणून पहिलीच पुन्हा वाजवली.