ऐझॉलचे आकाश आणि बाबासाहेबांचा निकष

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी माणूस 1962 पासून अभिमानाने उच्चारत आला आहे. तोच सह्याद्री, म्हणजे यशवंतराव चव्हाण, संरक्षणमंत्री असताना 5 मार्च 1966 रोजी भारतीय हवाई दलाने ऐझॉल या आपल्याच देशातील गावावर गोळ्या झाडल्या, आगलावे बॉम्ब टाकले, हे मात्र त्याला ठाऊक नसते. मिझो नॅशनल फ्रंटने सशस्त्र उठाव केला होता, आसाम रायफल्सचे ठाणे वेढले होते, हे खरेच. पण जळाल्या त्या दॉरपुई, छिंगा व्हेंग या राहत्या वस्त्या. 1959 साली बांबूला फुलोरा येऊन उंदरांनी पिके फस्त केली, तेव्हा ज्यांची हाक राज्यकर्त्यांना नीट ऐकू आली नाही, तीच ही आदिवासी माणसे. विमाने माणसे व रसद उतरवायला गेली होती, असा पंतप्रधानांचा खुलासा होता.

हिरोशिमासाठी हळहळणाऱ्या आमच्या पांढरपेशा साहित्यिकाचे सोडा. आपण, दलित चळवळीतले लोक, या घटनेकडे कोणत्या निकषाने पाहणार? अहिंसेचा जप आपल्या उपयोगाचा नाही. बाबासाहेबांनी 1918 साली बर्ट्रांड रसेलच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन’चे परीक्षण लिहिले, तेव्हा महायुद्ध चालू होते. आदल्याच वर्षी जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले होते आणि पॉपलर या गोदी-कामगारांच्या भागातील शाळेत 18 मुले मेली होती. तरीही बाबासाहेबांनी बळाचा सरसकट निषेध केला नाही. ड्यूईच्या आधाराने त्यांनी ऊर्जा म्हणून वापरलेले बळ आणि हिंसा म्हणून वापरलेले बळ यांत भेद केला. एक अनिष्ट नष्ट करताना इतर जितके वाचवता येईल तितके वाचवा, ही त्यांची अट.

या अटीवर ऐझॉल टिकत नाही. ठाण्याचा वेढा उठवणे हे साध्य मान्य करू. त्यासाठी बाजार आणि घरे जाळणे कोणत्या हिशेबात बसते? विमानातून मारणाऱ्याला मरणाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही. स्पर्श न करता माणसाला संपवण्याची रीत आपल्याला नवी नाही, म्हणून तरी ती आपण ओळखायला हवी.

डोलवीत धरमतर खाडीच्या काठी पोलादाचा कारखाना आहे, जेट्टी आहे आणि आसपास गावे आहेत. युद्धाच्या नकाशावर कारखान्याला ‘लक्ष्य’ म्हणतात. शेजारच्या घरांना तिथे नाव नसते.

यशवंतरावांचे ‘कृष्णाकाठ’ 1946 पाशी थांबते, त्यामुळे त्या पुस्तकाला दोष देता येणार नाही. त्यांच्यावरील गौरवग्रंथांत मात्र 5 मार्च 1966 ची नोंद वाचकांनी शोधून पाहावी.