वस्तुसंग्रह आणि क्रियापदे

दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ पुण्यात उभारलेले व १९७५ साली शासनास अर्पण केलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय हे मुख्यत्वे घरसंसाराचे आहे. अडकित्ते, दिवे, वज्र्या यांस तेथे कलावस्तूंची प्रतिष्ठा लाभली, हे त्याचे मोठेपण. तथापि वस्तूच्या जतनाने तिचा व्यवहार जतन होतोच असे नाही. सुपारी ‘फोडणे’ व ‘कातरणे’ यांतील भेद अडकित्त्याच्या घडणीवरून कळत नाही. तो वापरणाऱ्याच्या हातात व बोलीत असतो. फलकावर केवळ नाम नोंदले, तर क्रियापद निसटते. म्हणून अशा संग्रहालयांच्या लोकोपक्रमांचे मोल प्रेक्षकसंख्येवरून करणे अपुरे होय. या वस्तू वापरलेल्या वृद्धांकडून किती शब्दप्रयोग टिपून घेतले, हाही निकष मानावा. वस्तू थांबू शकते. तिच्याविषयी बोलणारी माणसे थांबणार नाहीत.