कोळशापासून पेट्रोल : गाळलेला हिशोब

कोळशापासून द्रव इंधन कसे बनते हे सांगणारे उतारे आणि तक्ते आम्ही वेळोवेळी पाहतो. बहुतेकांत दोनच पायऱ्या असतात. तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात. हे मिश्रण लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून नेले की झाले इंधन तयार. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात जर्मनीत शोधलेली ही पद्धत. लिहिलेले चूक नसते. पण वर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगा हिशोब नेमका गाळलेला असतो, ही आमची तक्रार आहे.

पहिल्या पायरीत मोनॉक्साइडच्या एका रेणूमागे हायड्रोजनचा एकच रेणू मिळतो. दुसरीला मात्र दोन लागतात. एक कार्बनला जोडला जातो, दुसरा ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी होतो. मग कमी पडणारा हायड्रोजन येतो कोठून? थोड्या मोनॉक्साइडची वाफेशी पुन्हा क्रिया घडवून. पण तीत कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. कार्बनचे तीन अणू घेऊ. त्यांपासून मोनॉक्साइडचे तीन आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळाले. मोनॉक्साइडचा एक रेणू वाफेला दिला. तो उरला दोन रेणू, हायड्रोजन झाला चार. प्रमाण जुळले, पण तिसरा कार्बन इंधनात गेलाच नाही, तो धुराड्यातून गेला. (कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन नव्हे. त्यात थोडा हायड्रोजन असतो, त्यामुळे हिशोब जरा सुधारतो.)

उष्णतेचा विचार केला की तो पुन्हा बिघडतो. वाफेची पहिली क्रिया दर मोल कार्बनमागे सुमारे १३१ किलोज्यूल उष्णता शोषते. इंधन तयार होताना दर मोल मोनॉक्साइडमागे सुमारे १६५ किलोज्यूल बाहेर पडते. एखादी चुणचुणीत मुलगी विचारील, मग हिची उष्णता तिला का देऊ नये? प्रश्न अगदी रास्त आहे. पण पहिल्या क्रियेला सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमान हवे आणि दुसरी चालते २०० ते ३५० अंशांना. थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे उष्णता आपोआप जात नाही. म्हणून भट्टीत ऑक्सिजन सोडून काही कोळसा जाळावाच लागतो, आणि डायऑक्साइड आणखी वाढतो.

फ्रीडरिश बेर्गिउस यांची पद्धत वेगळी. त्यांनी कोळशावर उच्च दाबाखाली थेट हायड्रोजनची क्रिया घडवली. १९३१ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. पण तो हायड्रोजनही जर्मन कारखान्यांत मुख्यतः कोळशापासूनच काढला जाई.

दक्षिण आफ्रिकेत कोळसा मुबलक, तेल जवळजवळ नाही. तेथे १९५५ मध्ये सासोलबर्ग येथे आणि १९८० च्या दशकात, वर्णभेदी राजवटीवर तेलबंदी असताना, सेकुंडा येथे असे कारखाने सुरू झाले. सेकुंडाची गणना जगातील सर्वाधिक कार्बन डायऑक्साइड एकाच जागी सोडणाऱ्या ठिकाणांत होते. पुस्तकांत ही माहिती आली तर ‘प्रदूषण’ या प्रकरणात येते, जणू कारखान्याची देखभाल नीट झाली नाही म्हणून हे घडले. त्यातला मोठा वाटा समीकरणातच आहे, आणि तो दहावीच्या मुलालाही काढता येईल.