झिकोला गोव्यानं किती वेळ दिला?

खोपटला बसून ब्राझीलच्या फुटबॉल प्रशिक्षकावर बोलायचं म्हणजे जरा लांबचा प्रवास वाटेल. पण तसा तो लांबचा नाही. आर्तुर आंतुनेस कोइंब्रा, म्हणजे ज्याला जग झिको म्हणतं तो माणूस, २०१४ ते २०१६ असे तीन हंगाम गोव्यात एफसी गोवा या संघाचा प्रशिक्षक होता. आणि १७ नोव्हेंबर २०१५ ला फातोर्ड्याच्या मैदानावर त्याच्या संघानं आपल्या मुंबई सिटीला सात गोल मारले. सात-शून्य. दुदू आणि हाओकिप, दोघांची हॅटट्रिक. मुंबईच्या पाठीराख्यांना तो स्कोअर अजून पाठ असेल.

खेळाडू म्हणून झिको कोण होता, यावर आज वेळ घालवत नाही. १९७८, १९८२, १९८६ असे तीन विश्वचषक तो खेळला. फ्लामेंगोकडून १९८१ साली लिव्हरपूलला तीन-शून्य हरवून जगज्जेता क्लब झाला. तेवढं पुरे. आज बोलायचंय ते प्रशिक्षक झिकोबद्दल. प्रशिक्षक म्हणून तो यशस्वी की अयशस्वी? आणि गोव्यातली त्याची तीन वर्षं कशी मोजायची?

आधी आकडे बघू. २०१४ ला गोवा साखळीत दुसरा. उपांत्य फेरीत कोलकात्याशी दोन्ही सामने शून्य-शून्य, आणि पेनल्टीवर हार. २०१५ ला १४ सामन्यांत २५ गुण, साखळीत पहिला, आणि अंतिम फेरी. २०१६ ला १४ गुण आणि आठ संघांत आठवा. म्हणजे दुसरा, पहिला, शेवटचा. असा आलेख बघितला की आपण चटकन म्हणतो, शिखरावरून घसरला. आणि त्यातही सगळ्यांच्या लक्षात राहते ती २० डिसेंबर २०१५ ची फायनल.

घरचं मैदान, समोर चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ नं पुढे गेलं. आता तीन मिनिटं आणि वरची भरपाईची. एवढं काढलं की करंडक आपला. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याच्याच गोलरक्षकाकडून स्वयंगोल झाला, आणि लगेच मेंडोझानं तिसरा मारला. ३-२. फातोर्डा गार.

आता मागे जाऊ. १२ जून २००६, जर्मनीत कायझर्सलाउटर्न. झिको जपानचा प्रशिक्षक. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जपान ८४ व्या मिनिटापर्यंत १-० नं पुढे. पुढच्या आठ-नऊ मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि १-३ नं हरले. अजून मागे, ५ जुलै १९८२, बार्सिलोना. ब्राझीलला इटलीशी नुसती बरोबरी पुरणार होती. दोनदा बरोबरी साधून २-२ झाल्यावरही ब्राझील पुढेच धावत राहिला, आणि ३-२ नं हरला. त्या संघात झिको होता.

तीन सामने शेजारी ठेवले की मोह होतो, की बघा, या माणसाला शेवटची दहा मिनिटं सांभाळताच येत नाहीत. मोह चांगला आहे, निष्कर्ष कच्चा आहे. कारण याच झिकोच्या जपाननं २००४ चा आशिया चषक जिंकला तो असाच शेवटच्या क्षणी तगून. जॉर्डनविरुद्ध पेनल्टीवर, बहारीनविरुद्ध जादा वेळेत ४-३, आणि मग बीजिंगमध्ये चीनला ३-१. २००८ मध्ये त्याचं फेनरबाचे सेव्हियाच्या मैदानावर पहिल्या नऊ मिनिटांत दोन गोलांनी मागे पडूनही पेनल्टीवर जिंकलं आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत गेलं. आणि २०१४ च्या गोव्यानं उपांत्य फेरीच्या दोन्ही सामन्यांत एकही गोल खाल्ला नव्हता, हे आत्ताच पाहिलं. तेव्हा ‘बचाव येत नाही’ हे काही खरं नाही.

मग खरं काय? मला वाटतं, गोष्ट त्याच्या पद्धतीत आहे. जपानमध्ये त्याच्या आधी फिलिप त्रुसिए होता. कडक शिस्तीचा, प्रत्येकानं कुठे उभं राहायचं हे आखून देणारा. झिको आला आणि त्यानं खेळाडूंना मोकळं सोडलं. मैदानावरचे निर्णय तुम्ही घ्या, म्हणाला. नाकाता, नाकामुरा, ओनो असे गुणी मिडफिल्डर हाताशी होते. पण स्वातंत्र्य वापरायलाही सराव लागतो. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ७९ व्या मिनिटाला, एका गोलानं पुढे असताना, त्यानं एक फॉरवर्ड काढून ओनोला, म्हणजे आणखी एका मिडफिल्डरला, आत पाठवलं. आता आघाडी राखायची की दुसरा गोल शोधायचा? बाहेरून ठाम निरोप नाही, आणि आतल्या अकरा जणांचं एकमत नाही. पाच मिनिटांत पहिला गोल बसला. ही झिकोची चूकच आहे, ती झाकायचं कारण नाही. मोकळीक देणाऱ्या प्रशिक्षकानं कधीकधी ओरडून सांगावंही लागतं.

पण हीच पद्धत एका ठिकाणी फळली, आणि अशी फळली की क्रीडांगणाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. ते ठिकाण काशिमा. १९९१ साली झिको जपानच्या सुमितोमो मेटल्स या कंपनीच्या संघात आला. दुसऱ्या श्रेणीतला संघ, लहानसं औद्योगिक गाव. वय ३८. तो नुसता खेळला नाही. सराव कसा करायचा, हरल्यावर कसं वागायचं, क्लब म्हणजे काय असतं, हे त्यानं रोज तिथे राहून शिकवलं. १९९३ ला जे-लीग सुरू झाली, पहिल्याच सामन्यात चाळिशीच्या झिकोची हॅटट्रिक, आणि त्या हंगामाचा पहिला टप्पा काशिमा अँटलर्सनं जिंकला. १९९४ ला तो निवृत्त झाला, पण क्लबशी नातं तुटलं नाही. आज काशिमा जपानच्या सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एक आहे.

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. आचरेकर सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा चषक येत नाही, शिवाजी पार्क येतं. एक मैदान, एक माणूस, कित्येक वर्षं. गोव्यातसुद्धा असं उदाहरण होतंच. आर्मांदो कुलासो दशकभराहून अधिक काळ धेंपो क्लबबरोबर राहिले आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यासाठी परदेशी नाव लागलं नाही, वेळ लागला.

आता झिकोची कारकीर्द परत बघा. २००८ ते २०१४ या सहा वर्षांत उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराक, कतार. ऑलिंपियाकोसमध्ये जेमतेम चार महिने. जो माणूस राहून घडवतो, तोच बदली कर्मचाऱ्यासारखा फिरत राहिला. यात त्याचीही निवड आहे. कुणी हात धरून नेलं नव्हतं.

आणि मग गोवा. पहिला इंडियन सुपर लीग हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१४. मोजा, सत्तर दिवस. पुढचे दोन हंगामही साधारण तेवढेच. कागदावर तीन वर्षं, प्रत्यक्षात सात-आठ महिन्यांची स्पर्धा. दरवर्षी संघ नव्यानं जमवायचा, परदेशी खेळाडू नवे, आणि बरेच भारतीय खेळाडू दुसऱ्या क्लबांकडून हंगामापुरते आणलेले. त्या मुदतीत मोकळ्या पद्धतीचा संघ कसा घडणार? त्यात झिकोनं आपल्या ओळखीच्या, वयानं वाढलेल्या ब्राझिलियन खेळाडूंवर भिस्त ठेवली. २०१६ ला लुसिओ ३८ वर्षांचा होता. तीही त्याच्या नावावर मांडायला हवी.

त्याच २०१६ साली, योगायोग बघा, मुंबई सिटी साखळीत पहिली आली. प्रशिक्षक आलेक्झांद्र गिमारायश, जन्मानं ब्राझिलियन, कारकीर्द कोस्टा रिकाची. आदल्या वर्षी सात गोल खाल्लेला संघ वर, मारलेला संघ तळाला. सत्तर दिवसांच्या खेळात असंच होतं. त्यावरून कोण मोठा प्रशिक्षक हे ठरत नाही.

मात्र त्याच वर्षी गोव्यात दुसरी एक गोष्ट घडली, आणि मला ती आठव्या क्रमांकापेक्षा मोठी वाटते. साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, हे तिन्ही जुने क्लब राष्ट्रीय आय-लीगमधून बाहेर पडले. याला झिको जबाबदार नाही. पण जिथे माणसं वर्षानुवर्षं राहून खेळाडू घडवत होती ती घरं मागे सरली, आणि उत्सव सत्तर दिवसांचा उरला. घडवणारा माणूस आणला, आणि त्याला उत्सवाचं काम दिलं.

तरी काही उरलंच. गोव्याचा रोमिओ फर्नांडिस झिकोकडे एक हंगाम खेळून २०१५ ला ब्राझीलच्या आत्लेतिको परानाएन्समध्ये गेला. भारतीय मुलगा ब्राझीलमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळायला, हे आधी स्वप्नात नव्हतं. मंदार राव देसाई पहिल्या हंगामापासून त्या संघात होता, डाव्या बाजूनं वर धावणारा. पुढे सर्जिओ लोबेरानं त्याला लेफ्ट बॅक केलं, तो भारताकडून खेळला, आणि मार्च २०२१ ला मुंबई सिटीनं करंडक जिंकला तेव्हा मुंबईच्या जर्सीत होता. मैदान कुठलं? फातोर्डाच.

आणि झिकोचा गोव्यातला शेवटचा सामना, १ डिसेंबर २०१६. समोर तेच चेन्नईयिन. संघ तळाला, जिंकून काही मिळायचं नाही. गोव्यानं तो ५-४ नं जिंकला, आणि भरपाईच्या वेळेतला गोल साहिल तावोरा या गोव्याच्याच तरुण पोरानं मारला. मोकळं सोडण्यानं काय काय होतं, त्याचे दोन्ही नमुने एकाच मैदानावर, वर्षाच्या अंतरानं.

तेव्हा माझा निवाडा असा. सामना चालवणारा प्रशिक्षक म्हणून झिको मध्यम. घडवणारा म्हणून फार मोठा, पण त्याला दुसऱ्या प्रकारचं काम क्वचित मिळालं, आणि त्यानंही ते फारसं मागितलं नाही. २०१८ ला तो तांत्रिक संचालक म्हणून काशिमाला परत गेला, आणि त्याच वर्षी काशिमानं आशियाई चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली.

आपल्या ठाण्या-डोंबिवलीतही आता फुटबॉलचे वर्ग निघालेत. मुलाला घालताना आपण विचारतो, कोच कुठून आलाय, कुठे खेळलाय? तो किती वर्षं इथे राहणार आहे, हे मात्र विचारत नाही. ते विचारायला सुरुवात करू या. आता तुमचे प्रश्न घेतो. मुंबई सिटीवाल्यांना आधी संधी.