मेणाची कांडी आणि गुळव्याचे मनगट

स्मरणरंजनाची समीक्षा करणे अवघड, कारण तिथे कलाकृतीबरोबर माणसाचे बालपणही तपासावे लागते. अमेरिकेत आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीच्या दूरचित्रवाणीच्या आठवणींत रंगीत खडूंचा कारखाना हमखास निघतो. फ्रेड रॉजर्स यांच्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ या मुलांच्या कार्यक्रमात १९८१ साली ही छोटी चित्रफीत दाखवली गेली.

कथानक म्हणावे तर फारसे नाही. मेण वितळते, त्यात रंगाची पूड पडते, कामगार ते ऊन मेण साच्यांवर ओततो आणि वर राहिलेले खरवडून काढतो. निवलेल्या कांड्या बाहेर येतात, अंगावर कागद लेवून पेटीत जाऊन बसतात. रॉजर्स साध्या शब्दांत सांगत राहतात. ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या याच विषयावरच्या फितीत तर निवेदनही नाही, नुसते संगीत. वस्तू आकाशातून पडत नाही, ती कोणीतरी करतो, एवढे एकच सत्य या फिती सावकाश सांगतात. मुलाला शहाणे करून सोडण्याचा आव त्यांत नाही, आणि म्हणूनच त्या टिकल्या.

ही कारखानदाराची जाहिरातच झाली, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच निराधार नाही. १९९६ साली कंपनीने आपला शंभर अब्जावा खडू ओतण्यासाठी ईस्टनच्या कारखान्यात रॉजर्स यांनाच बोलावले होते. परंतु माझ्या मनातला आक्षेप निराळा आहे, आणि तो मला सुचलेला नाही.

मागे मी ही फीत सातवीच्या वर्गाला दाखवली. कांड्यांची पिवळीधमक रांग पाहून मीच अधिक हरखलो होतो. इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, त्येचा हात भाजत न्हाई व्हय?”

या मुलाचा बाप गुळव्या आहे. काहिलीतला रटरटता पाक वाफ्यात उतरवताना उडालेल्या थेंबांचे डाग बापाच्या मनगटावर तो दर हंगामात पाहतो. वर्ग खडू पाहत होता. हा एकटा ओतणाऱ्याला पाहत होता.

मी फीत पुन्हा लावली. ओतणारा माणूस आता मलाही दिसला. तो दमतो का, दिवसाचे त्याला काय मिळते, हा त्या फितीचा विषयच नाही. स्मरणरंजनाचा दोष मला येथे दिसतो: ते कांडीचा रंग जपून ठेवते आणि हात विसरते. फितीचा दोष त्याहून कमी. तिने निदान तो हात चौकटीत ठेवला, म्हणून तर एका पोराला प्रश्न विचारता आला. आज मोबाइलवर धावणाऱ्या पुष्कळशा फितींत नुसती यंत्रे असतात. तिथे हा प्रश्न उपजणार कुठून?

मात्र दुसऱ्याच्या स्मरणरंजनाला नावे ठेवताना स्वतःचे पुस्तकही उघडणे प्राप्त होते. माझ्या एका कादंबरीत गुऱ्हाळाचे मोठे वर्णन आहे. काहिलीवरची वाफ आहे, चुलवाणाचा उजेड आहे, पहाटेच्या थंडीत मिळालेली काकवी आहे. त्या रात्री मी ते प्रकरण पुन्हा वाचले. गुळव्याचे मनगट त्यात कुठेही नव्हते.