बंडखोरीविरोधी लष्करी सिद्धांत आणि गडचिरोलीचा अनुभव : एक चिकित्सा

प्रस्तावना :

१३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील मर्दिनटोला जंगलात झालेल्या चकमकीत माओवादी पक्षाचे केंद्रीय समिती सदस्य मिलिंद तेलतुंबडे मारले गेले. ते मूळचे यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर या कोळसा खाणीच्या गावचे. खाण कामगार, कामगार संघटनेचे कार्यकर्ते आणि नंतर भूमिगत सशस्त्र नेते असा त्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती गेले आणि महिनाअखेर अमेरिकन सैन्य अफगाणिस्तानातून बाहेर पडले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि बंडखोरी कशी संपते याविषयी अमेरिकन लष्कराने केलेल्या मांडणीच्या मर्यादा तपासताना दोन्ही घटना उपयुक्त ठरतात. राज्यसंस्थेची अधिमान्यता ही सैन्याने लोकांपर्यंत पोहोचवावयाची वस्तू नसून लोकांनी आपल्या अधिकारातून द्यावयाची संमती आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'फील्ड मॅन्युअल ३-२४' : मांडणी व मर्यादा

इराक युद्धात अमेरिका अडचणीत आली असताना, डिसेंबर २००६ मध्ये, अमेरिकन भूदल व मरीन कोअर यांनी ही पुस्तिका संयुक्तपणे प्रसिद्ध केली. तिच्या निर्मितीत जनरल डेव्हिड पेट्रियस यांचा पुढाकार होता. केवळ शत्रू मारून बंडखोरी संपत नाही, अतिरेकी बळाचा वापर नवे शत्रू निर्माण करतो आणि जनतेचे संरक्षण हे प्रथम कर्तव्य आहे, हे तिचे प्रतिपादन लष्करी विचारात निश्चितच महत्त्वाचे होते. अधिमान्यता हेच अंतिम उद्दिष्ट आहे, असेही ती सांगते.

परंतु अडचण येथूनच सुरू होते. पुस्तिका जनतेची तीन गटांत विभागणी करते : बंडखोरांचे सक्रिय समर्थक, शासनाचे सक्रिय समर्थक आणि मधला तटस्थ बहुसंख्य समाज. हा मधला समाज ज्याने जिंकला त्याचा विजय, असे हे गणित आहे. दर हजार लोकांमागे वीस सुरक्षा जवान असे प्रमाणही त्यात सुचविलेले आहे. या मांडणीत लोक हे जिंकावयाचे क्षेत्र ठरतात. निर्णय घेणारे नागरिक ठरत नाहीत.

पुस्तिकेने ज्या मलायाच्या अनुभवाचा आधार घेतला, तेथेही ब्रिटिशांना केवळ पुनर्वसित गावांमुळे यश आले नाही. १९५७ मध्ये मलायाला स्वातंत्र्य मिळाले आणि बंडखोरांच्या हातातील मुख्य राजकीय मुद्दाच निघून गेला. इराकमध्ये २००७ साली सुमारे तीस हजार अतिरिक्त सैनिक पाठविण्यात आले व हिंसाचार घटला. मात्र अनबार प्रांतातील सुन्नी टोळ्या २००६ मध्येच अल-कायदाच्या विरोधात उभ्या राहू लागल्या होत्या. पुढे बगदादच्या सत्तेत त्यांना योग्य वाटा मिळाला नाही आणि २०१४ मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती गेले. अफगाणिस्तानात तर एक लाखाच्या आसपास अमेरिकन सैनिक असतानाही काबूलचे शासन लोकांना आपले वाटले नाही.

गडचिरोलीचा अनुभव :

गडचिरोलीतील परिस्थिती निराळी आहे. येथे परकीय सैन्य नाही. राज्य आपल्याच नागरिकांसमोर उभे आहे. १९८० मध्ये शेजारच्या आंध्र प्रदेशातून नक्षलवादी दलम येथे आले, तेव्हा वनखात्याचा जाच आणि तेंदूपाने संकलनाची तुटपुंजी मजुरी हे प्रश्न त्यांना आयतेच मिळाले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या सी-६० पथकात स्थानिक तरुणांची भरती करण्यात आली. गोंडी-माडिया भाषा व जंगल जाणणारे हे जवान लष्करीदृष्ट्या प्रभावी ठरले. अमेरिकन पुस्तिकेच्या सोळा वर्षे आधीच स्थानिक मनुष्यबळाचे तत्त्व येथे अमलात आले होते. पण त्याची किंमतही स्थानिकांनीच मोजली; एकाच परिसरातील मुले दोन्ही बाजूंनी बंदूक घेऊन उभी राहिली.

मृतांच्या आकड्यांवरून यश मोजता येत नाही, हेही येथे दिसून आले. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर येथे चाळीस नक्षलवादी मारले गेले. वर्षभरानंतर, १ मे २०१९ रोजी, जांभूळखेडा येथील स्फोटात पंधरा पोलीस जवान व एक वाहनचालक ठार झाले.

याच जिल्ह्यात दुसरा मार्गही दिसतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायदा २००६ अन्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विक्रीचा अधिकार प्रत्यक्षात आला. जंगलाचा हिशेब ग्रामसभेच्या हाती आला. येथे लोकांना 'जिंकण्याचा' प्रश्न उरला नाही, कारण निर्णय त्यांचाच होता. याउलट एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिज प्रकल्पास परिसरातील अनेक ग्रामसभांनी विरोध नोंदविला, तरीही खाणकाम पोलीस बंदोबस्तात पुढे गेले.

निष्कर्ष :

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. लष्करी अर्थाने हे मोठे यश आहे आणि ज्या गावांनी दोन्ही बाजूंची भीती सोसली त्यांच्यासाठी तो मोठा दिलासा आहे. परंतु बंदुका शांत होणे आणि अधिमान्यता प्राप्त होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. राजूरच्या खाणीतील कामगार वस्तीतून निघालेला कार्यकर्ता शस्त्राकडे वळतो, तेव्हा तो पुस्तिकेच्या 'तटस्थ' गटात कधीच नव्हता. त्याच्याजवळ आधीपासूनच राजकीय प्रश्न होते. त्याने निवडलेल्या हिंसेचे समर्थन करता येत नाही. पण ते प्रश्न त्याच्याबरोबर मरत नाहीत. पोलीस ठाण्यांची संख्या वाढवून त्यांचे उत्तर मिळणार नाही. ग्रामसभेने एखाद्या प्रकल्पास 'नाही' म्हटले असता शासन ते ऐकते किंवा नाही, यावरच गडचिरोलीतील शांततेचे मूल्यमापन करावे लागेल.