‘मद्रास कॅफे’ आणि जाफन्याचं हॉस्पिटल

कसौलीतलं एक चर्च. दाढी वाढलेला, दारूनं खंगलेला एक माणूस पाद्र्यासमोर बसतो आणि बोलायला लागतो. हा विक्रम सिंग, सैन्यातून ‘रॉ’साठी काम करायला गेलेला अधिकारी. श्रीलंकेत काय झालं, आपण माजी पंतप्रधानांना का वाचवू शकलो नाही, याचा कबुलीजबाब म्हणजे शूजित सरकारचा ‘मद्रास कॅफे’ (२०१३).

मी तो पहिल्यांदा पाहिला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवर एका लॅपटॉपभोवती आम्ही सहा जण कोंडाळं करून बसलो होतो. सिनेमा संपल्यावर कुणी लगेच उठलं नाही, हे आठवतंय. नायक नाचत नाही, हिरॉइनच्या प्रेमात पडत नाही आणि शेवटी चक्क हरतो. हिंदी सिनेमात हे आम्हाला नवीन होतं. पुढची काही वर्षं ‘चांगला हिंदी थ्रिलर सांग’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच नाव सांगायचो.

गेल्या वर्षी ऑफिसात जेवताना चेन्नईच्या एका सहकाऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “आमच्याकडे तो थिएटरला लागलाच नव्हता.” ते मला माहीत होतं; तमिळ संघटनांनी विरोध केला आणि तमिळनाडूत तो पडद्यावर आला नाही. मी म्हटलं, अरे, पण तो कुणा एकाची बाजू घेत नाही, बघ तरी. त्यावर त्यानं विचारलं, “आपली आर्मी तिथं अडीच वर्षं होती. तिनं तिथं काय केलं, ते आहे का त्यात?”

मला आठवेना. म्हणून त्याच शनिवारी पुन्हा पाहायला घेतला.

तर, जवळजवळ नाही. विक्रमचं खरं काम सुरू होतं तेव्हा भारताच्या शांतिसेनेला माघार घ्यावी लागलेली असते. जुलै १९८७ ते मार्च १९९० हे बत्तीस महिने निवेदनात आणि झटपट दृश्यांमध्ये उरकले जातात. मग सिनेमा आपल्या आवडत्या जागी येतो: गुप्त खोल्या, फाइली, पकडलेले सांकेतिक संदेश. एलटीटीईचं नाव एलटीएफ होतं, प्रभाकरनचा अण्णा भास्करन होतो. त्याच्याविरुद्ध दुसरा तमिळ नेता, श्री, उभा करायचा, असा ‘रॉ’चा डाव असतो. तो फसतो, कारण विक्रमचा जाफन्यातला सहकारी बाला फितूर निघतो. विक्रमच्या बायकोचा खून होतो. कटाचा सुगावा लागतो, पण उशिरा. (जया ही पत्रकार इंग्रजीत प्रश्न विचारते आणि विक्रम हिंदीत उत्तरं देतो. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही, आणि तमिळ कुठंच नाही. पहिल्या वेळी मला हे खटकलंही नव्हतं.)

आमच्या कामात सर्व्हर रात्री कोसळला की दुसऱ्या दिवशी बैठक बसते. तिथं दोन प्रकारचे प्रश्न विचारता येतात. पहिला, अलर्ट आला होता, मग तो कुणी पाहिला कसा नाही? दुसरा, हा बदल मुळात सिस्टीममध्ये टाकायचा निर्णय कुणी घेतला आणि कशाच्या जोरावर? पहिल्या प्रश्नावर तासभर चर्चा होते, कारण त्याचं उत्तर सापडतं आणि ते बहुतेक वेळा कुणा ज्युनिअरच्या नावावर टाकता येतं. दुसरा प्रश्न निघाला की मॅनेजर घड्याळ बघतो. ‘मद्रास कॅफे’ पहिल्या प्रश्नावरचा उत्तम सिनेमा आहे. बलाढ्य देशानं शेजारच्या यादवीत उतरावं का, हा दुसरा प्रश्न तो अख्खा वेळ मांडीवर घेऊन बसतो आणि विचारत नाही. बाला फितूर झाला नसता, संदेश दोन दिवस आधी उलगडला असता, तर सगळं ठीक झालं असतं, असं वाटत वाटत आपण बाहेर पडतो.

ठीक झालं नसतं, कारण बिघाड बालाच्या बराच आधीचा होता. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांच्या कत्तली झाल्या, हजारो लोक समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. त्यानंतर भारतानं एलटीटीईसकट अनेक तमिळ गटांना गुपचूप प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली. जून १९८७ मध्ये श्रीलंकेच्या फौजेनं जाफन्याची कोंडी केली, तेव्हा आपली एएन-३२ विमानं मिराजच्या संरक्षणात जाऊन तिथं अन्नधान्य टाकून आली. त्याच वर्षी २९ जुलैला राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर रायफलचा दस्ता हाणला. सिंहली लोकांत करार किती लाडका होता ते तिथंच दिसलं. तमिळांच्या वतीनं तर करारावर सहीच नव्हती. दोन सरकारांनी मिळून तिसऱ्याची शस्त्रं खाली ठेवायचं ठरवलं, आणि ती ठेवून घ्यायला आपली फौज गेली. ज्यांना बंदूक धरायला आपणच शिकवलं होतं, त्यांच्याकडून ती काढून घ्यायला.

ऑक्टोबरमध्ये शांतिसेनेचं युद्ध सुरू झालं. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात एलटीटीईच्या नेत्यांना पकडण्यासाठी हेलिकॉप्टरनं जवान उतरवले. खाली वाघ वाट बघत होते. शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस मारले गेले, एक कैद झाला. नोव्हेंबरमध्ये मेजर रामस्वामी परमेश्वरन एका चकमकीत मारले गेले. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केलं. ते जन्मानं मुंबईचे, तमिळ घरातले, महार रेजिमेंटचे अधिकारी. या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. मुंबईच्या एका तमिळ मुलानं महार रेजिमेंटकडून लढताना, तमिळांच्या रक्षणासाठी म्हणून गेलेल्या मोहिमेत, तमिळ गनिमांच्या हातून मरावं, यात खरं तर एक पूर्ण सिनेमा होता. तो कुणी केला नाही.

आणि मग ते हॉस्पिटल. २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या मुख्य सरकारी रुग्णालयात भारतीय जवान शिरले. त्याआधी वाघांनी त्या आवारातून गोळीबार केला होता. मारल्या गेलेल्या साठ-सत्तर जणांमध्ये डॉक्टर होते, नर्सेस होत्या, खाटेवरचे रुग्ण होते. भारतीय बाजू ‘गोळीबाराच्या मध्ये सापडले’ असं म्हणत राहिली. जे मेल्याचं सोंग घेऊन प्रेतांमध्ये रात्रभर पडून राहिले आणि वाचले, त्यांनी वेगळं सांगितलं.

हे मी ‘द ब्रोकन पामायरा’मध्ये वाचलं. जाफना विद्यापीठातल्या चार प्राध्यापकांनी, गाव लढाईत असतानाच, लोकांकडे जाऊन जाऊन लिहिलेलं पुस्तक. वाचायला सोपं नाही. मध्येच राजकीय विश्लेषण, मध्येच जबान्या, मध्येच नकाशे. पण ते भारताला शिव्या घालून मोकळं होत नाही. समोरून तोफ येणार हे माहीत असताना वाघ लोकवस्तीत उभे राहून गोळ्या का झाडत होते, आणि मेलेल्या माणसांचा हिशेब आपल्या खात्यावर कसा जमा करत होते, हेही ते तितक्याच शांतपणे मांडतं. त्या चौघांपैकी एक राजनी तिरणगामा, शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक, एकेकाळी स्वतः वाघांच्या सहानुभूतिदार. २१ सप्टेंबर १९८९ ला विद्यापीठातून सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. जाफन्यात तेव्हा भारतीय फौज होतीच. पुस्तक त्यानंतर छापून आलं.

या पुस्तकातली माणसं ‘मद्रास कॅफे’त पार्श्वभूमीला धावताना दिसतात. पांढरा शर्ट, कडेवर मूल, मागे धूर. दिग्दर्शकाला त्यांची कणव आहे, हे दिसतं. पण त्यांना आपल्याबद्दल, म्हणजे भारताबद्दल, काय वाटतं हे एकदाही विचारलं जात नाही. सिनेमाचं दुःख विक्रमचं आहे. माफी तो पाद्र्याकडे मागतो.

फौज परत आली तेव्हा जवळपास बाराशे जवान मेले होते. अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांना ती इतकी नकोशी झाली होती की त्यांनी तिच्याशी लढण्यासाठी वाघांनाच शस्त्रं पुरवली. मद्रास बंदरात जवान उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. मे १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूर घडलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी सहकाऱ्याला म्हणालो, पटलं, जायलाच नको होतं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण. तो म्हणाला, “मग २००९ ला गेलो नाही ना आपण.”

तिथं माझं सोपं उत्तर संपलं. २००९ च्या पहिल्या पाच महिन्यांत मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर लाखो तमिळ माणसं अडकली होती. एका बाजूनं फौजेचे तोफगोळे, दुसऱ्या बाजूला पळणाऱ्यांवर गोळ्या झाडणारे आणि पोरांना ओढून लढायला नेणारे वाघ. संयुक्त राष्ट्रांनी त्या भागातले आपले कर्मचारी आधीच, सप्टेंबर २००८ मध्ये, काढून घेतले होते. पुढे त्यांच्याच तज्ज्ञ समितीनं म्हटलं की शेवटच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात. भारतात तेव्हा लोकसभेची निवडणूक चालू होती. करुणानिधींनी २७ एप्रिलला मरीना किनाऱ्यावर उपोषण धरलं, जे काही तासांतच सुटलं. युद्ध मे महिन्यात संपलं. महिना संपायच्या आत जिनिव्हात मानवाधिकार परिषदेपुढे ठराव आला, आणि भारतानं श्रीलंका सरकारला हव्या असलेल्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं.

त्या किनाऱ्यावरची कादंबरी म्हणजे अनुक अरुद्प्रगासमची ‘द स्टोरी ऑफ अ ब्रीफ मॅरेज’ (२०१६). सुरुवातीलाच दिनेश नावाचा तरुण एका सहा वर्षांच्या पोराला उचलून तात्पुरत्या दवाखान्यात नेतो आहे. पोराचा एक पाय आधीच गेलाय, आता हात कापायचा आहे. मग एक दिवस आणि एक रात्र. दिनेशचं घाईनं लावलेलं लग्न, त्याची अंघोळ, नखं कापणं. नखं कापण्याच्या पानांवर मी कंटाळून दोनदा पुस्तक खाली ठेवलं, हे कबूल करतो. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा लक्षात आलं की या माणसाच्या ताब्यात दुसरं काहीच उरलेलं नाही. बाहेरचं जग या गोष्टीत जवळजवळ येतच नाही. कुणी येईल, अशी वाटही कुणी बघत नाही. ‘हस्तक्षेप करू नये’ हे तत्त्व कागदावर फार स्वच्छ दिसतं. त्याच्या आतून बघितलं की काय दिसतं, ते इथं आहे.

मग १९८७ ची चूक जाण्याची होती आणि २००९ ची न जाण्याची, असं म्हणून दोन्हीकडे मान डोलवायची का? मला ते पटत नाही. मला दोन्ही वेळची चूक एकच दिसते. आपण गेलो तेव्हा कशासाठी जातोय हे ठरलं दिल्लीत. नाही गेलो तेव्हाही हिशेब दिल्लीतलाच होता. बाराशे जवान, एक माजी पंतप्रधान, निवडणूक, चीन. जाफन्यातल्या नर्सला किंवा किनाऱ्यावरच्या दिनेशला या दोन्ही निर्णयांना जाब विचारायची सोय नव्हती. त्यांच्या हातात दिल्ली सरकार पाडायचं मत नव्हतं. बलाढ्य देशानं दुसऱ्याच्या यादवीत उतरणं मला म्हणूनच जवळजवळ नेहमी धोक्याचं वाटतं. ताकद असते, पण जिच्यावर ती वापरायची त्या माणसाला उत्तर देण्याची सक्ती नसते.

दुसरं म्हणजे, ‘उतरावं का?’ हा प्रश्न आपण फौज जहाजात चढताना विचारतो. १९८३ नंतर प्रशिक्षणाच्या छावण्या उघडल्या तेव्हाच आपण उतरलो होतो. तेव्हा कुणी संसदेत चर्चा करून हो म्हटलं नव्हतं. ‘मद्रास कॅफे’त श्रीला शस्त्रं पोचवण्याचा जो डाव आहे तो हाच जुना खेळ आहे, आणि सिनेमाला तो फसल्याचं वाईट वाटतं, खेळल्याचं नाही. आणि २००९ मध्ये फौज न पाठवताही बरंच काही करता आलं असतं. जिनिव्हातलं ते एक मत तरी हातातच होतं.

इतकं सगळं म्हणूनही, सिनेमा बघू नका असं मी सांगणार नाही. श्रीपेरुंबुदूरचा प्रसंग त्यात ज्या संयमानं घेतलाय तो अजूनही अंगावर येतो. राजकीय खून इतक्या थंडपणे दाखवणारे हिंदी सिनेमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फक्त तो पाहून झाला की ‘द ब्रोकन पामायरा’ शोधा. पूर्ण पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे, फोनवरही नीट वाचता येतं. जाफना हॉस्पिटलचा भाग आधी वाचलात तरी चालेल.

चेन्नईच्या सहकाऱ्यानं मागच्या आठवड्यात शेवटी ‘मद्रास कॅफे’ पाहिला. आवडला का, विचारलं. म्हणाला, शेवटची वीस मिनिटं नाही बघवली, आई सांगायची त्या रात्रीबद्दल. थोड्या वेळानं म्हणाला, “ती कादंबरी दे.” अजून परत आलेली नाही.